बटण चालतंय का बघा

"ताई, आपली साईट झोपली की काय?"

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी साईटवर कोलंबीच्या लोणच्याचा फोटो सरळ करत बसले होते. दसरा होऊन गेला होता. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं आणि माझ्या खोलीतला पंखा वारा सोडून बाकी सगळं देत होता.

"साईटला कुठली हो झोप," मी म्हटलं. "काय झालं ते सांगा."

"काय झालं नाय, तेच तर झालंय. दिवाळी तोंडावर आली. एक पाव्हणा नाय. गणपतीपुळ्यात म्हणे उभं राहायला जागा नाय, आणि आमच्याकडे चिटपाखरू नाय. तुमी जरा बगा ना."

मी बघते म्हटलं आणि फोन ठेवला. मनात म्हटलं, झालं, आता माझी दिवाळी गेली.

मी रत्नागिरीत वेबसाईट बनवते. पुण्यात नोकरी होती, ती सोडून आले, आणि आईबाबांच्या घराच्या माडीवर एक टेबल टाकून बसले. माझी गिऱ्हाईकं लहान. आंब्याची पेटी पाठवणारे, काजूगर विकणारे, दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणारे. मोठ्या कंपन्यांकडे साईटची एक वेगळी प्रत असते, आधी तिच्यावर काय ते प्रयोग करायचे आणि जमलं की मग खऱ्या साईटवर आणायचं. आमच्याकडे असले लाड नाहीत. जे करायचं ते चालत्या साईटवर. पावसाआधी कौलं चाळताना आपण घर रिकामं करतो का? खाली चुलीवर भात शिजत असतो आणि वर माणूस कौलं काढून पुन्हा बसवत असतो. फक्त खालच्याच्या ताटात माती पडू द्यायची नाही, एवढंच बघायचं. माझा धंदा तसा आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो. कुणाच्याही बापाचं ऐकावं लागत नाही. स्वतःच्या बापाचं लागतं, पण ते पुढे येईलच.

वहिनी माझ्या नात्यातल्या नव्हेत. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे जाताना समुद्र सोडून आत वळलं की थोड्या चढानंतर त्यांची वाडी लागते. आदल्या वर्षी त्या माझ्याकडे आल्या होत्या, पिशवीत घरचे पोहे आणि हातात नवऱ्याने पाठवलेला मोबाईल. घराच्या मागच्या अंगणात दोन खोल्या बांधल्या आहेत, त्या लोकांना दिसायला हव्यात म्हणाल्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसून बोलत होत्या. मी पोहे ठेवून घेतले आणि काम घेतलं.

खोल्या बांधल्या होत्या दादांनी. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. मुंबईत एका कंपनीच्या गोदामात ते कामाला, लग्नाच्या आधीपासून. गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचे, मध्ये कुणाचं लग्न निघालं तर एखाद-दुसरा दिवस, की संपलं. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, आणि सगळ्या संसारात नवराबायकोने सलग एक पावसाळा काही एकत्र काढला नाही. आमच्याकडे हे कुणाला विचित्र वाटत नाही. वाडीतल्या अर्ध्या घरांची हीच तऱ्हा.

त्या वर्षी मात्र गोष्ट अटीतटीला आली होती. कंपनी गोदाम दूर कुठेतरी हलवणार होती. येणार की नाही ते दिवाळी झाली की सांगा, असं दादांना सांगितलं होतं. होय म्हटलं की पुढची कित्येक वर्षं पुन्हा तेच. नाही म्हटलं की हिशेब घेऊन घरी. दादांनी वहिनींना सांगितलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत खोल्या चालल्या तर मी नाही म्हणून सांगतो. नाही चालल्या तर मात्र घरी येऊन दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसण्यात अर्थ नाही. वहिनींनी हे मला एका दमात सांगून टाकलं आणि वर म्हणाल्या, "तुमच्यावर काय ओझं नाय हा, ताई." ओझं नाही म्हणे! 

मी कामाला लागले. आधी साधी तपासणी. पान उघडतं का? उघडतं. माझ्या फोनवर, आईच्या फोनवर, खालच्या वाण्याच्या फोनवर, सगळीकडे. बुकिंगचा अर्ज जातो का? तेही बघितलं. फेब्रुवारीतला कुठलातरी मंगळवार निवडला, नावाच्या जागी 'चाचणी' लिहिलं आणि बटण दाबलं. पानावर उत्तर आलं, आणि दोन मिनिटांत मुंबईहून दादांचा फोन.

"ताई, आलं हो! मेसेज आला! चाचणी म्हणून कोणीतरी येतायत."

"मीच आहे ती."

"असं होय," दादा म्हणाले. आवाज जरा उतरला. "पण चालतंय ना? बटण चालतंय."

बुकिंगचा मेसेज दादांच्या फोनवर जायचा, कारण वहिनींच्या घरात रेंज नाही. मागच्या चढावर काजूच्या झाडापाशी गेलं तर येते, तीही मर्जी असेल तर. पाहुण्याने बुकिंग केलं आणि वहिनी झाडाशी गेल्या नाहीत म्हणून उत्तरच मिळालं नाही असं होऊ नये, म्हणून मी अशी सोय केली होती की साईट स्वतःच खोली राखून ठेवेल आणि पाहुण्याला तसं कळवेल. आधी थोडे पैसे भरून घेऊया असंही मी सुचवलं होतं. त्यावर वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना देवळात चप्पल घालून जायला सांगते आहे. "पाव्हणा दारात यायच्या आधी त्याच्याकडे पैशे मागायचे? लोक काय म्हणतील?" झालं. मी हात टेकले. पैसे नकोत तर नकोत.

मी फेब्रुवारी महिना उघडून माझं तेवढं बुकिंग पुसून टाकलं. साईट ठणठणीत होती. मग पाहुणे का नाहीत? मी साईटला दिलेल्या भेटींची नोंद उघडली, तर लोक येत होते! चांगले येत होते. फोटो बघत होते, बुकिंगच्या पानापर्यंत जात होते आणि तिथून परत फिरत होते. म्हणजे उंबऱ्यावर येऊन, आत डोकावून, माघारी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढं काय वाईट दिसतंय आमच्याकडे?

तेव्हा मी पान बदलायला घेतलं. असल्या कामात एक पथ्य पाळावं लागतं. एका वेळी एकच बदल करायचा आणि थांबायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आला तर कशाने आला ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही नाही. म्हणून आधी फोटो बदलला. वहिनींनी समुद्राचा दिला होता, पण समुद्र काय सगळ्यांच्याच साईटवर असतो. मी मे महिन्यात काढलेला त्यांच्या पडवीचा लावला, बाकावर कोकमाची सोलं वाळत घातलेली. थांबले. काही नाही.

मग मजकूर. पहिल्या पानावर वहिनींनी सांगितलेला मजकूर मी जसाच्या तसा घातला होता: 'घरगुती जेवण मिळेल. दारू चालणार नाही. मोठ्याने गाणी लावू नयेत. विहिरीत वाकू नये.' मी म्हटलं, ह्या विहिरीनेच घात केला असणार. सुट्टीला निघालेल्या माणसाला आपण पहिल्या ओळीत विहिरीत पडायची भीती घालतोय. नियम खाली नेले, वर जेवणाचं लिहिलं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, बांगडा, शाकाहाऱ्यांना फणसाची भाजी. लिहिता लिहिता मलाच भूक लागली. थांबले. काही नाही.

बटण मोठं केलं. बटणाचा रंग बदलला. काही नाही. वहिनींचा फोन आला की मी नवा बदल सांगायची, त्या झाडाशी उभ्या राहून उघडून बघायच्या आणि म्हणायच्या, "छान झालंय हो ताई, पैल्यापेक्षा छान." त्यांच्या त्या चांगुलपणाने मला आणखी संताप यायचा. अहो, एकदा तरी म्हणा की वाईट झालंय!

वाईट म्हणायला आमचे बाबा होते. बाबा निवृत्त शिक्षक. हयात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली आणि आता पेन्शनवर तोच छंद फुकट चालू आहे. माझं प्रत्येक नवीन पान मी त्यांना दाखवते. कौतुकाचा शब्द निघणार नाही, पण कुठे बोट घातलं की पान अडकतं ते त्यांना बरोबर सापडतं. त्यांचा फोन इतका जुना आहे की त्याच्यावर जे चाललं ते कुठेही चालेल.

दुपारच्या चहाला बाबा फोन नाकाजवळ धरून बसले होते.

"काय गो बाय, हे तुझं जागा नाही म्हणतंय."

"कुठल्या तारखेला?"

"भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी."

"बाबा, मी तुम्हाला फेब्रुवारीची टाका म्हटलं होतं ना? उगाच सुट्टीच्या तारखा अडवायच्या नाहीत."

"फेब्रुवारीत कोण मरायला जातंय तिकडे?" बाबा म्हणाले. "शाळा असतात. जाणारा माणूस दिवाळीत जाणार. मी आपली जाणाऱ्याची तारीख टाकली. तर जागा नाही. त्याच्या पुढच्या दिवशी टाकली, जागा नाही. भरलंय दिसतं तुझ्या वहिनीचं. उगाच रडतेय ती."

मी चहाचा कप खाली ठेवला. वहिनी रोज पाव्हणा नाही म्हणून झाडाशी जाऊन फोन करतायत आणि साईट सांगते आहे की दोन्ही खोल्या भरल्या. अगं बाई! म्हणजे लोक उंबऱ्यावरून परत जात होते ते फोटो बघून नव्हे, विहीर बघूनही नव्हे. त्यांना आम्हीच जागा नाही म्हणून हाकलत होतो. आणि मी शहाणी फेब्रुवारीतला मंगळवार टाकून बटण चालतंय, बटण चालतंय म्हणून खूश!

माडीवर धावले. बुकिंगं उघडली. नरकचतुर्दशीपासून शाळा उघडेपर्यंत दोन्ही खोल्या गच्च. एक दिवस मोकळा नाही. नावं वाचायला लागले तर निम्म्याहून जास्त लोकांचं आडनाव दादांचंच. आणि खाली 'काही सांगायचं असल्यास' म्हणून मी जी जागा ठेवली होती, तिथे एकाने लिहिलं होतं, 'वैनी ओळखलंत का?' दुसऱ्याने, 'हार्दिक शुभेच्छा, वाडीतर्फे.' तिसऱ्याने फक्त 'एक नंबर.' एकाने तर स्वतःच्या मुलाच्या बारशाचं आमंत्रण टाकलं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तश्शी दादांना फोन लावला. कामावर असतील, नसतील, काही बघितलं नाही.

"दादा, ही कोण माणसं आहेत?"

"कुठली?"

मी दोन-चार नावं वाचली. पलीकडे दादा चक्क हसले. "ती होय! ती आपलीच. वाडीतली पोरं. इकडे आम्ही सगळे आसपासच राहतो ना. मी साईट दाखवली सगळ्यांना. मग प्रत्येकाने एकेकदा दाबलं बटण. मला मेसेज आला की मी त्यांना फोन करतो, म्हणतो, मेल्या, येणारेस का खरंच? तर म्हणतो, नाय, बोहनी केली."

"बोहनी?"

"आता बघा ताई, वाडीतल्या कुणी दुकान टाकलं तर आपण पहिल्या दिवशी जातोच ना काहीतरी घ्यायला? नको असलं तरी साबणाची वडी घेतो. माणसाला बरं वाटतं. तसंच हे. एवढ्या लांबून दुसरं काय करणार ते?"

"अहो पण तो साबण नाही! खोली आहे ती! त्यांनी बटण दाबलं की खोली त्यांच्या नावावर राहते. मग खरा पाहुणा आला की साईट त्याला सांगते, जागा नाही. तुमच्या दोन्ही खोल्या वाडीने अडवून ठेवल्यात. दिवाळीच्या सगळ्या दिवशी!"

 गोदामात काहीतरी ओढल्याचा आवाज येत होता. मग दादा हळू म्हणाले, "म्हणजे लोक येत होते?"

"येत होते. रोज येत होते."

"मला वाटलं कुणाला आपलं घर आवडलंच नाय."

माझा राग सर्रकन खाली आला. आणि मग माझ्या लक्षात आलं की काही बुकिंगांवर नाव नव्हतं, नुसती एक फुली होती, आणि एकाच माणसाची म्हणून धरली तर तीच सगळ्यांत जास्त होती. विचारू नये असं वाटलं, पण काम होतं, विचारलं.

"ती माझी," दादा म्हणाले.

"तुमची? तुम्ही स्वतःच्या घरात बुकिंग करत होता?"

"संध्याकाळी ड्युटी सुटली की उघडतो. पडवी दिसते. तुम्ही तो सोलांचा फोटो लावलात ना, तो फार चांगला आहे. मग खाली जाऊन दाबतो. ही तारीख घेत नसली की दुसरी टाकतो. शेवटी ते येतं ना लिहून, ते वाचायला."

बुकिंग झालं की पानावर जी ओळ येते ती मी वहिनींना विचारून लिहिली होती. पाहुणा येणार म्हटल्यावर तुम्ही काय म्हणता, असं विचारलं होतं, आणि त्या म्हणाल्या तेच घातलं होतं: 'खोली ठेवली आहे. सावकाश या, वाट बघते.'

 रागावायला फोन केलेला, आणि डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "दादा, आता आजपासून बटणाला हात लावायचा नाही. वाडीलाही सांगा. मी सगळं पुसते."

"ताई, आता उशीर झाला का हो?"

"बघू," मी म्हटलं. उशीर झाला होता असंच मला वाटत होतं. लोकांनी बुकिंगं कधीच कुठे कुठे करून टाकली असणार. पण ते त्यांना सांगून काय उपयोग.

सगळं एकदम पुसायची सोय साईटमध्ये होती. बोट तिथेच नेलं होतं. पण चालत्या साईटवर काही पुसायच्या आधी मी एकदा सगळं वरपासून खाली वाचते, ही खोड आहे मला. वाचत गेले. शुभेच्छा, एक नंबर, वैनी कशा आहात. आणि मध्येच एका बुकिंगाखाली: 'आईला गुडघ्याचा त्रास आहे. खोलीला पायऱ्या किती?' आडनाव वेगळं. वाडीतला माणूस पायऱ्या विचारणार नाही, त्याला माहीत आहेत. अरे देवा! मी तिथल्या तिथे फोन लावला. कोल्हापूरकडची मंडळी होती. खरी. त्यांना साईटवर 'वाट बघते' असं उत्तर मिळालेलं, त्यांची सगळी तयारी झालेली. दादांना मेसेज आला होता, पण पोरांच्या मेसेजांच्या गर्दीत त्यांना हीसुद्धा कुणाची तरी गंमत वाटली आणि फोन करायचा राहिला.

"पायऱ्यांचं कुणी सांगितलं नाही आम्हाला," त्या बाई म्हणाल्या. जरा नाराज होत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं.

"एक आहे," मी म्हटलं. "पण ती नसेल. तुम्ही या."

मग एकेकाला फोन करूनच पुसलं. वाडीतले सगळे एकजात ओशाळले. एक जण तर म्हणाला, मी खराच येतो मग, रद्द नका करू. त्याला म्हटलं, बाबा रे, तुझं घर वहिनींच्या बाजूला आहे. पुसत पुसत तारखा मोकळ्या होत गेल्या, आणि प्रत्येक मोकळ्या तारखेला मला हायसं वाटत होतं आणि धाकधूकही होत होती. शेवटी बाबांना म्हटलं, आता टाका तुमची भाऊबीजेनंतरची तारीख. टाकली. "देतंय," बाबा म्हणाले. आणि मग, "पण हे 'सावकाश या' काय? लोकांना लवकर या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढून वहिनींकडे गेले. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. भातं कापून झाली होती, खळ्यात झोडणी चालू होती, सगळ्या वाडीला पेंढ्याचा वास. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. वाडीच्या बोहनीचं सांगितलं तेव्हा कपाळावर हात मारून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग दादांच्या फुल्यांचं सांगितलं. तेव्हा मात्र त्या उठून आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या त्या हातात चहा घेऊन, आणि म्हणाल्या, "ह्यांना फोनवर कधी धड बोलता येत नाय. जेवलीस काय, एवढंच विचारतात."

त्या पायरीवर उतरती फळी टाकायची ठरली. शेजारच्याने जुन्या दाराची फळी आणून तासून दिली. मी मागे काजूच्या झाडाशी बसून आणखी दोन बदल केले. मेसेज आता वहिनींच्याही फोनवर जाईल असं केलं, झाडाशी सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारायचं त्यांनी कबूल केलं. आणि वाडीसाठी एक वेगळं पान करून दिलं, तस्संच दिसणारं, पण तिथे बटण दाबलं तर खोली अडत नाही, नुसत्या शुभेच्छा पोचतात. ते पान आजही धोधो चालतं. बारशांची आमंत्रणं तिथेच येतात.

मग वाट बघणं आलं. पहिला दिवस कोरडा गेला. मी दर थोड्या वेळाने साईट उघडत होते, आणि बाबा मला म्हणाले, सारखं झाकण काढून बघितलंस तर भात शिजणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून एक बुकिंग आलं. वहिनींनी झाडाशी उभं राहून मला फोन केला, आवाज एवढा मोठा की फोनशिवायही ऐकू आला असता. त्यानंतर सांगलीचं एक आलं. मग ज्यांना गणपतीपुळ्यात जागा मिळाली नव्हती असे लोक यायला लागले. सगळे दिवस काही भरले नाहीत. लक्ष्मीपूजनाला दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या आणि वहिनींनी एकटीने दिवे लावले. पण भाऊबीजेनंतर दोन्ही खोल्या सलग चालल्या. कोल्हापूरच्या आजी फळीवरून खोलीत गेल्या त्या जाईपर्यंत समुद्र बघायला म्हणून बाहेर पडल्याच नाहीत. पडवीत बसून वहिनींशी गप्पा मारत सोलं निवडत बसल्या. जाताना त्यांनी मे महिन्यासाठी पुन्हा खोली सांगून ठेवली, आणि आम्ही येणार म्हटलं ना, मग ते बटणबिटण कशाला, म्हणाल्या.

दादा त्या दिवाळीला आले नाहीत. गोदामाच्या हलवाहलवीत सुट्टी मिळाली नाही. आणि काय ठरवलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. वहिनींना विचारलं तर म्हणायच्या, "मी नाय विचारणार. त्यांना वाटलं तर सांगतील." मीही विचारलं नाही, पण दिवाळी संपल्यावरही ती गोष्ट माझ्या मनातून गेली नव्हती. खोल्या चालल्या म्हणजे किती चालल्या? तेवढ्यावर एक माणूस आयुष्यभराची नोकरी सोडेल? मी त्यांच्या जागी असते तर घाबरले असते.

तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर एका दुपारी दादांचा फोन आला.

"ताई, साईट अडकली."

"दादा! परत बटण दाबताय? वाडीचं पान वेगळं करून दिलंय ना?"

"नाय हो, खरं बुकिंग करतोय. खऱ्या पानावर. येण्याची तारीख टाकली, ती घेतली. पण जाण्याची टाकल्याशिवाय पुढे जातच नाय."

"मग टाका ना जाण्याची."

 दादा म्हणाले, "ती नाहीये ना ताई."

 मी साईट उघडली, जाण्याची तारीख सक्तीची होती ती सक्ती काढून टाकली आणि म्हटलं, "आता दाबा."

सूर्य मावळायच्या सुमाराला वहिनींचा फोन. झाडाशी होत्या, वाऱ्याचा आवाज येत होता.

"ताई, एक बुकिंग आलंय, पण कायतरी चुकलंय. येण्याची तारीख हाय, जाण्याची कोरीच."

"चुकलेलं नाही वहिनी. नाव वाचा."

ह्या वेळी फुली नव्हती. दादांनी पूर्ण नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट. वहिनींनी ते वाचलं असावं, कारण मग वाऱ्यातून एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. मीही इकडे पदराला डोळे पुसत होते आणि बाबा दारातून काय गो, काय झालं, म्हणून विचारत होते.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "ती खोली मोकळी करा. पाव्हण्यांना लागेल. हे घरात राहतील."